मेणाच्या पुतळ्याभोवती दोर होता, माझ्या आईभोवती नव्हता

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयांत एका वेळी किती माणसं आत सोडायची, हे ठरवून देणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहतो. एस.टी.त 31 वर्षं वाहक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. रजेचे, बदलीचे अर्ज पुष्कळ लिहिले, मंत्र्यांना पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितो आहे. काही चुकलं तर समजून घ्यावं.

माझ्या आईचं वय 81. तिच्या उजव्या मनगटाला सध्या प्लॅस्टर आहे. वेणी तिला घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही, जपमाळ डाव्या हातात धरलेली तिला आवडत नाही. हे सगळं झालं एका पुतळ्यापायी.

दिवाळीच्या सुटीत आम्ही घाटावरच्या एका थंड हवेच्या गावी गेलो होतो. तिथे नट-नट्या, क्रिकेटपटू, गायक यांचे मेणाचे पुतळे मांडलेलं एक संग्रहालय आहे. नाव लिहीत नाही, कारण असं ते एकटंच नाही. लतादीदींचा पुतळा आहे असं नातीनं फोनवर दाखवलं आणि आईनं तिथेच ठरवलं. बाबांच्या सायकलच्या दुकानातल्या रेडिओवर तिनं दीदींना उभ्या आयुष्यभर ऐकलं. प्रत्यक्ष पाहणं कधी झालं नाही. 6 फेब्रुवारी 2022 ला दीदी गेल्या, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. आई म्हणाली, "खऱ्या दिसल्या नाहीत, मेणाच्या तरी पाहू दे बाप्पा."

चार तिकिटांचे बाराशे रुपये दिले. तिकिटावर वेळ नाही, क्रमांक नाही. मागच्या बाजूला एकच ओळ छापलेली : गर्दीत झालेल्या इजेस व्यवस्थापन जबाबदार नाही. म्हणजे गर्दी होणार आणि इजा होणार हे तिकीट छापतानाच त्यांना ठाऊक होतं.

आत जाण्यापूर्वी आम्ही सव्वा तास रांगेत होतो. माणसं मोजायची माझी सवय जात नाही. शेवटची दहा मिनिटं मी दाराकडे बघत होतो. 90 माणसं आत गेली, 30 बाहेर आली. दहा मिनिटांत आत 60 माणसं वाढली. तिकीट देणारा मुलगा मान वर करून बघतही नव्हता, त्याला बघायला कोणी सांगितलेलंच नव्हतं. एस.टी.च्या गाडीत बसणारे किती, उभे किती, हे आतच लिहिलेलं असतं. ऐन लग्नसराईत फाट्यावर बाया-माणसं हात जोडून उभी असायची, "एक घ्या ना कंडक्टर साहेब" म्हणायची आणि मला डबल बेल द्यावी लागायची. एकदा सात प्रवासी जास्त घेतले तर तपासणी पथकानं मला कारणे दाखवा नोटीस दिली. ती मी मुकाट घेतली, कारण चूक माझी होती. या संग्रहालयाच्या मालकाला नोटीस कोण देणार?

आत खोलीतून खोलीत जायला एकच वाट, तीही जेमतेम दोन माणसांची. जिथे पुतळा प्रसिद्ध, तिथे रांग थांबते, कारण प्रत्येकाला फोटो हवा. पुढचा हलत नाही आणि मागून लोंढा सुरूच राहतो. दिव्यांचा उजेड आणि माणसांच्या अंगाची ऊब यांनी खोली तापली होती. मधमाश्यांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, नरम त्याच्या आधीच पडतं, म्हणून पुतळ्यांना जपावं लागतं हे मला कळतं. पुतळ्याभोवती मखमली दोर होता, शेजारी पहारेकरी होता, तो "हात लावू नका" म्हणून ओरडत होता. आई म्हणत होती, "मले फोटो नको, मले फक्त खुर्ची दे." खुर्ची नव्हतीच. बाहेर पडायच्या दुसऱ्या दारावर कुलूप होतं, ते मी स्वतः हलवून पाहिलं. मागून रेटा आला. आई दोरावर पडली आणि सगळा भार मनगटावर आला. पहारेकऱ्यानं आधी पुतळा सावरला, महोदय. आधी पुतळा.

व्यवस्थापकानं दवाखान्याचा खर्च देतो म्हणून शब्द दिला. आता तो फोन उचलत नाही. पोलीस चौकीत सांगितलं, गर्दीत होतंच असं. नगरपालिकेनं पर्यटनवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी परत नगरपालिकेकडे. मी संगणकावर तक्रार नोंदवली, नवव्या दिवशी ती "निकाली" निघाली. काय निकाल लागला, हे मला कोणी कळवलेलं नाही.

आगीपासून जीव वाचवण्यासाठी या राज्यात 2006 चा कायदा आहे. मग बाहेर पडायच्या दाराला कुलूप कसं चालतं? नागपूरहून मुंबईला 701 किलोमीटरचा रस्ता सरकारनं केला, त्यानंच आम्ही गेलो, रस्ता उत्तम आहे. एवढं जमतं त्या सरकारला एका दारात मोजणारा माणूस उभा करवत नाही? आमच्या ताडोब्यात कोणत्या फाटकातून सकाळी किती जिप्सी, दुपारी किती, हे ठरलेलं आहे, वरची एकही सोडत नाहीत. वाघाला त्रास होऊ नये म्हणून जे करता, ते म्हाताऱ्या माणसासाठी का करत नाही?

आणि हे मी नागपुरातून विचारतो आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, विधानभवनाजवळ गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला. लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. बाया आणि लेकरंच जास्त. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. त्या रात्री सीताबर्डीच्या रस्त्यावर पडलेल्या चपला मी पाहिल्या आहेत. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे. नंतर 2005 मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 जण गेले. दर वेळी समिती बसते, अहवाल येतो, पैसे जाहीर होतात. जागेत किती माणसं मावतात हा साधा प्रश्न माणसं मेल्यावरच का विचारला जातो? माझी आई मनगटावर सुटली. तिथे लहान पोरं होती, खांद्यावर घेतलेली, आणि मी कुलूप हलवत होतो.

मला भरपाई नको. दारावर क्षमता लिहा, तिकिटावर वेळ छापा, संख्या भरली की खिडकी बंद करायला लावा. दुसरं दार उघडं आहे की नाही, हे सुटीच्या दिवसांत न सांगता जाऊन बघणारा माणूस नेमा. परवाना देणारं कार्यालय कोणतं, तेवढं तरी एकदा लेखी कळवा.

डिसेंबरात अधिवेशनाला आपण नागपूरला याल. प्लॅस्टर तोवर निघालेलं नसेल. मी आईला घेऊन विधानभवनाच्या फाटकाशी येईन. तिला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा एक खुर्ची सांगून ठेवा.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक
महाल, नागपूर