विनोदी नाटकाची ऑडिशन एकट्याला उभं करून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी नाटकाला आता माणसं मिळत नाहीत, ज्याला त्याला मालिकेत नाहीतर मोबाइलवर चमकायचं असतं, अशी खंत आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात वाचली. लेखकांची तळमळ खरी आहे, पण माझा अनुभव निराळा आहे. माणसं येतात. आम्ही आलो होतो. एका साध्या विनोदी नाटकाच्या ऑडिशनला जूनच्या भर पावसात चाळीसेक जण आले होते. त्यांचं पुढे काय होतं, हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र.

मी 51 वर्षांची आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात गेली 22 वर्षं हिशेबाच्या पट्ट्या लिहिते. शाळा-कॉलेजात असताना गल्लीच्या गणपतीत दरवर्षी नाटकात काम करायचे. लग्नानंतर ते सुटलं ते सुटलंच. आधी मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. गेल्या वर्षी धाकटी नोकरीला लागली आणि संध्याकाळी सातनंतरचा वेळ माझा मला मिळाला. त्यात झेरॉक्सच्या दुकानात कागद चिकटवलेला दिसला : दोन अंकी विनोदी नाटक, स्त्री-पुरुष कलाकार हवेत, वय 18 ते 60, अनुभवाची अट नाही. मी तिथेच फोन लावला. "दोन मिनिटांचं काहीतरी विनोदी पाठ करून या," एवढंच सांगितलं गेलं.

आठ दिवस मी ते दोन मिनिटांचं पाठ केलं. नवऱ्याच्या खिशात हॉटेलचं बिल सापडतं आणि बायको त्याला जाब विचारते, असा प्रवेश मीच लिहिला होता. स्वयंपाक करताना म्हणायचे, स्कूटरवर म्हणायचे. रविवारी सकाळी दहाला एका शाळेत गेले. बाहेर व्हरांड्यात चिठ्ठीवर नंबर मिळाला, सतरा. सोळा नंबरचा मुलगा माझ्या शेजारी लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आयटीआयला वेल्डिंग शिकत होता. त्याच्या हातातला कागद घामाने ओला झाला होता. तो आत गेला आणि मिनिटाभरात बाहेर आला. "विसरलो," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी आत गेले. चौथीचा वर्ग, फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच. समोर टेबलामागे तिघं आणि मध्ये स्टँडवर मोबाइल. "कॅमेऱ्यात बघून बोला, काकू." मी सुरुवात केली. प्रवेशात नवरा थापा मारतो आणि त्या थापांवर बायको बोलते. पण नवरा कुठे होता? त्याची वाक्यं मनातल्या मनात म्हणायची, तेवढं थांबायचं आणि मग आपलं वाक्य टाकायचं. ज्या वाक्यावर घरी माझी मुलगी पोट धरून हसली होती, त्या वाक्यानंतर वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. तिघांपैकी एक जण कागदावर लिहीत होते, एक जण फोनवर होते. अर्ध्यात "थँक्यू, कळवतो" झालं. आज चार महिने होतील, कळवलेलं नाही.

त्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही, कारण तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. तीही आपापली नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून नाटक करणारी माणसं आहेत. चाळीस जणांना एका सकाळीत उरकायचं तर दुसरं काय करणार, असं त्यांना वाटलं असेल. पण पद्धत चुकीची आहे, आणि विनोदी नाटकासाठी तर ती पार चुकीची आहे, हे मला तिथेच कळलं असं नाही. ते कळलं ऑगस्टमध्ये, मिरजेत.

तिथल्या एका छोट्या ग्रुपने ऑडिशन हा शब्दच वापरला नव्हता. "वाचनाला या" असा निरोप होता. एका मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून आम्ही सोळा जण बसलो. सगळ्यांच्या हातात एकाच प्रवेशाची झेरॉक्स. प्रवेश असा : उसने दिलेले पैसे परत मागायला माणूस दारात आलाय, नवरा पडद्यामागे लपलाय, बायको सांगते, "हे गावाला गेलेत." तो माणूस खाली बघतो आणि विचारतो, "चपला इथेच?" ती म्हणते, "अनवाणी गेलेत. नवस आहे."

एवढंच. पण हे पावणेदोन तास आम्ही आलटून पालटून वाचलं. पहिल्या ताईंनी "नवस आहे" घाईघाईत, ओशाळून म्हटलं. आम्ही जरासे हसलो. दुसरीने आवाज चढवून म्हटलं. कुणीच हसलं नाही. तिसरीच्या वेळी चपला विचारणारा होता माझा तो सोळा नंबरचा मुलगा. तोही आला होता. "चपला..." एवढं म्हणून तो थांबला. खाली बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा खाली. "...इथेच?" त्या थांबण्याने समोरच्या ताईंना विचार करायला वेळ मिळाला. त्यांनी आधी चपलांकडे बघितलं, मग हात जोडले, डोळे मिटले आणि अगदी देवळात उभं राहून म्हणावं तसं म्हटलं, "नवस आहे." हॉलमध्ये जो हशा झाला तो बाहेर चहाच्या गाडीपर्यंत गेला असेल.

आता हे लाफ्टर कुणाचं? वाक्य ताईंचं, पण ते काढून दिलं त्या मुलाने. त्याच्या वाट्याला दोन शब्द होते. एकट्याला मोबाइलपुढे उभं केल्यावर पाठांतर विसरणारा तो मुलगा, समोर माणूस आल्याबरोबर त्याला कुठे थांबायचं हे कुणी न शिकवता कळत होतं. कॅमेऱ्यापुढच्या दोन मिनिटांत हे दिसलंच नसतं, आणि दिसलं नव्हतंच.

रडण्याचा प्रवेश एकट्याने करून दाखवता येतो. स्वगत एकट्याचंच असतं. विनोदाचं तसं नाही. तो दोघांच्या मध्ये घडतो आणि तिसरा, म्हणजे प्रेक्षक, हसल्यावर पुरा होतो. हशा पिकला की तो ओसरायला लागेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवायचं, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. फार थांबलं तर प्रयोग पडतो. हे ज्याला जमतं तो विनोदी नट. रिकाम्या वर्गात हसणारं कुणीच नसेल तर कुणाला ते जमतं हे कळणार कसं? आमच्या दुकानात सौद्याच्या वेळी मी हे रोज बघते. बोली पुकारणारा माणूस समोरच्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो, आता रेटायचं की क्षणभर थांबायचं. त्याला खोलीत एकट्याला उभं करून "पुकारून दाखव" म्हटलं तर तो काय दाखवेल!

आणि हे सांगलीत सांगायची पाळी यावी याचं मला जास्त वाईट वाटतं. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या दिवसाची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या खेळांत पदं तेवढी रचलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे. बोलणं नटांनी प्रसंग बघून आपलं आपण करायचं. सूत्रधार आणि विदूषक यांची जुगलबंदी लोकांना हसवायची ती समोरासमोर, ऐनवेळी. पाठांतराची परीक्षा घेऊन तो विदूषक निवडता आला असता का? नाट्यगृहाला आपण भाव्यांचं नाव दिलं आहे, त्यांच्या नावाचं पदक दरवर्षी देतो, मग त्यांची रीतही थोडी आठवू या.

हरिपूर तर इथून हाकेच्या अंतरावर. नाटककार गोविंद बल्लाळ देवल तिथले. नटांना तयार करणारे तालीममास्तर म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव एकटा संशयी असून चाललं नसतं. त्याची बायको कृत्तिकाही तितकीच संशयी आहे, म्हणून तर रंगत येते. एकट्या फाल्गुनरावाची ऑडिशन घेऊन काय कळणार? त्याच्यासमोर कृत्तिका बसवावी लागेल.

मिरजेच्या वाचनात आणखी एक गोष्ट झाली. पैसे मागायला येणारा मूळ संहितेत सावकार होता, मिशाबिशा असलेला. चौथ्या फेरीत बाया जास्त आणि पुरुष कमी पडले म्हणून ते वाक्य माझ्याकडे आलं. मी ते आमच्या गल्लीतल्या भिशी चालवणाऱ्या मावशींसारखं वाचलं. मावशी कधी आवाज चढवत नाहीत. गोड बोलतात, पाणी मागतात, बसतात आणि उठतच नाहीत. दिग्दर्शकांनी वाचन थांबवलं, पेन काढलं आणि सावकाराच्या जोडीला एक भिशीवाली बाई घातली; "चपला इथेच?" मात्र त्या मुलाकडेच ठेवलं. त्यासाठी पुढचे दोन प्रवेश त्यांना बदलावे लागले, पण त्यांनी ते बदलले. एरवी पन्नाशीच्या बाईला विनोदी नाटकात काय मिळतं? चहा आणून ठेवणारी आई, नाहीतर खाष्ट सासू. कागदावर नसलेली भूमिका वाचनातून निघते, कारण तिथे माणूस बघून विचार होतो.

वाचनाला वेळ लागतो, हे कबूल. चाळीस माणसं आली तर दोन संध्याकाळी जातील. पण पुढे दोन महिने रोज रात्री तालमी करायच्या असतात. त्यात चुकीचा माणूस घेतला गेला तर किती रात्री वाया जातात हे संस्थाचालकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोळा-सोळाच्या तुकड्या करा. प्रवेश आठ दिवस आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे ज्यांना भरभर वाचता येत नाही ते घरी वाचून येतील. आमच्यात एक भाजीवाल्या ताई होत्या. अक्षर लावून वाचत होत्या, पण एकदा तोंडात बसल्यावर त्यांच्याइतकं खणखणीत वाक्य कुणाचंच नव्हतं. भूमिका आधीच ठरल्या असतील तर तसं कागदावर स्पष्ट लिहा. "स्त्री-पुरुष कलाकार हवेत" असं लिहून दोनच जागा शिल्लक ठेवायच्या आणि अडतीस जणांना पावसातून बोलवायचं, हे बरं नाही. आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांनाही तसा निरोप द्या. "या वेळी जमलं नाही," एवढी एक ओळ. ती आली नाही तर माणूस महिनाभर फोन वाजला की धावतो, मी धावले आहे. मग पुढच्या वेळी तो कागद बघतो आणि पुढे निघून जातो. आपल्या लेखकांना जी माणसं सापडत नाहीत, त्यांतली बरीचशी अशी निघून गेलेली आहेत.

आता नोव्हेंबर आला. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची धामधूम सुरू होईल आणि तिच्यामागोमाग पुढच्या वर्षीच्या नाटकांसाठी असे कागद पुन्हा झेरॉक्सच्या दुकानांत लागतील. म्हणून हे पत्र आत्ताच छापावं ही विनंती. मिरजेच्या आमच्या नाटकाची तालीम रोज रात्री साडेआठला असते. वेल्डिंगच्या त्या मुलाची आयटीआयची परीक्षा सुरू आहे, म्हणून हे आठ दिवस त्याचं काम दिग्दर्शक स्वतः वाचतात. पण "चपला इथेच?" हे वाक्य त्यांनी अजून कुणाला म्हणू दिलेलं नाही. तिथे आम्ही सगळे गप्प राहतो आणि मोजून तेवढंच थांबतो.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली