माहुलीच्या सुभेदार काकांना खुलं आभारपत्र

आदरणीय सुभेदार काका,

सप्रेम नमस्कार.

गोल्फचा माझा फटका सुधारून दिलात, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं, मॅडम" म्हणून विषय उसाच्या बिलावर नेता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा गोल्फचा क्लब (काठी), काय करायचा हे तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) चेंडू जरासा डावीकडे सुटायचा, आशा लावायचा आणि मग उजवीकडे वळत वळत थेट झाडीत. यालाच स्लाइस म्हणतात. चेंडू हद्दीबाहेर गेला की एक फटक्याचा दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं. पुण्याला खेळायला गेले की बरोबरच्यांचा सल्ला ठरलेला, "रोख अजून डावीकडे धरा." तसा रोख धरला की क्लब आणखीच बाहेरून आत येतो आणि चेंडू आणखीच वळतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका दुकानदाराने तर नवा ड्रायव्हर हातात देऊन "स्लाइस गेलाच समजा" अशी हमी दिली. किंमत ऐकून मीच गेले.

तुम्ही मात्र कुठलाही क्लब पुढे करायच्या आधी माझा फटका बघितलात. रानातल्या त्या जाळीपुढे माझ्या ड्रायव्हरच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पावडरचा हात फिरवलात आणि म्हणालात, "आता हाणा." चेंडूचा गोल ठसा मध्यावर नव्हता, हीलकडे, पार शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला होता. पुसून पुन्हा पावडर लावली, तर ठसा परत तिथंच. "हीलवर लागलेला बॉल उजवीकडंच वळणार. त्यात फेस उघडा, उजवीकडं तोंड करून राहतोय, ते आणि वेगळं." मग शाफ्टवरचं अक्षर चष्मा वर करून वाचलंत. क्लब आमच्या यजमानांचा, शाफ्ट स्टिफ म्हणजे ताठ, लॉफ्ट म्हणजे फेसचा मागे कललेला कोन 9 अंश. "साहेबांचे बूट घालून परेड करताय, मॅडम!" मी अजून ते वाक्य यजमानांना ऐकवते.

मग शेडमधून तुमचा तो जुना ड्रायव्हर आला. लवचीक शाफ्ट, जास्त लॉफ्ट आणि डोक्याच्या तळाशी सरकवता येणारं वजन. वजन तुम्ही हीलकडे नेलंत, म्हणजे फटक्याच्या वेळी टो (हीलच्या विरुद्धचं टोक) लवकर वळून फेस बंद व्हायला मदत होते. लॉफ्टचं कारणही समजावलंत. लॉफ्ट जास्त तसा चेंडूला उलटा फिरका जास्त मिळतो, मग फिरक्याचा आस कमी कलतो आणि चेंडू बाजूला कमी पळतो. दाताच्या डॉक्टरला कोनांचं महत्त्व वेगळं सांगायला नको, पण हे मला तोवर कुणी असं उलगडून दाखवलं नव्हतं.

आणि लगेच बजावलंत, "ह्यानं वळण कमी होईल, खोड जाणार न्हाई." खोडीसाठी वेगळा क्लब होता, शाफ्टमध्ये बिजागरी बसवलेला. स्विंग मार्गावर असला तर तो साध्या क्लबसारखा वागतो. घाई केली, मनगट वाकडं गेलं, की खट्‌कन मोडून लोंबतो. माझा तर वर नेतानाच मोडायचा. बांधावर बसलेली तुमची नातवंडं त्या प्रत्येक खट्‌ला हसायची. तुम्ही त्यांना एकदाही दटावलं नाहीत, याबद्दल मात्र आभार नाहीत. पण खरं सांगते, त्या बिजागरीने जे शिकवलं ते मोबाइलवरच्या कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नाही. चूक नेमकी कुठल्या क्षणी झाली ते हातालाच कळतं, कुणी तोंडाने सांगावं लागत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली आहेत, अपशिंग्याच्या तर नावामागेच 'मिलिटरी' लागतं. पण लष्कराच्या गोल्फ कोर्सवर ग्रिपा बदलत, शाफ्ट बसवत हा धंदा शिकलेला आणि गावी येऊन तो फुकट वाटणारा माणूस मला एकच भेटला. पैसे विचारले तर म्हणालात, "येताना कंदी पेढे आणा." मोती चौकातून आणलेले ते पेढेही नातवंडांनीच संपवले.

आता खबर. परवा पुण्याला पहिल्याच टीवरून चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर गेला. लांब नव्हता, पण गवतावर होता आणि डोळ्यांना दिसत होता. पुढच्या काही होलवर मात्र नवंच सुरू झालं, चेंडू डावीकडे वळायला लागला. स्विंग सुधारला की हे होणार आणि मग हीलकडचं वजन परत मध्ये आणायचं, असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. राउंड सुरू असताना सेटिंग बदलणं नियमात बसत नाही, म्हणून तशीच खेळले आणि जमेल तेवढं सावरलं.

पाना तुमच्याकडेच राहिलाय. रविवारी दवाखाना बंद असतो, सकाळी येते. बिजागरीचा क्लब अजून महिनाभर ठेवून घेऊ का, तेही तेव्हाच सांगा. पेढे आणतेच. या वेळी दोन पुडे, एक तुमच्यासाठी लपवून ठेवायला.

आपली,
सदर बझारातली दातांची डॉक्टर