उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना, जीपवाल्याकडून

मामा, नमस्कार. तुम्ही मोबाईल बघत नाही माहितीय, नातीला सांगितलंय वाचून दाखवायला. चार लोकांसमोर आभार मानायचे होते म्हणून उघडच लिहितोय.

आपली सीजे थ्रीबी जीप, हरिकेन इंजिनवाली, उंच बोनेटची. तिचा क्लच तुम्ही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा करून दिलात, त्याचे हे आभार. तिचा जुना क्लच म्हणजे पेडल, मग चासी आणि बेलहाउसिंगच्या (क्लचवरचं इंजिनला बोल्ट केलेलं कवच) मधे आडवी नळी, मग केबल, मग क्लच सोडवणारा फोर्क. नळीचे बॉल झिजले की निम्मं पेडल ढिलाई काढण्यातच जातं आणि वर इंजिन डुललं की सगळं लिंकेज हलतं, म्हणून पहिल्या गिअरला गाडी थडथडत उठायची. बाकीचे म्हणत होते नळीच बदला, तुम्ही मात्र खाली वाकून बघितलं आणि खोकं ओढलंत. पेडलनं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) व्यासाचा, त्या तेलानं फोर्क ढकलणारा स्लेव्ह सात सूत, कुठल्या गाड्यांचे ते तुम्हालाच ठाऊक! फरशीवर खडूनं हिशोब केलात, सहा सक छत्तीस, सात साती एकोणपन्नास, म्हणजे मास्टर २५ मिमी दाबला की स्लेव्ह १८ मिमी सरकणार आणि पायाला जोर पाव भाग कमी. पुरतंय, म्हणालात. पुरलं.

पण खरे आभार स्लेव्ह धरणाऱ्या ब्रॅकेटचे. सोपं पडतं म्हणून लोक चासीला वेल्ड मारून मोकळे होतात. तुमचं म्हणणं, इंजिन डुलणार आणि सिलिंडर गप्प बसणार, मग बदलून काय मिळवलं? म्हणून स्लेव्ह बेलहाउसिंगच्याच बोल्टांवर, शेवटच्या टप्प्यात रबरी होज, आणि केबल ओढायची तर सिलिंडर ढकलतो म्हणून तो फोर्कच्या उलट्या बाजूला. वर फोर्कला बाहेरून स्प्रिंग, नाहीतर फोर्क ज्याला ढकलतो ते रिलीज बेअरिंग क्लचवर सतत घासत राहून जळालं असतं, हे कोण सांगतं हो आजकाल!

जुनी नळी आणि केबल कापू दिली नाहीत तेही बरं झालं, गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, उद्या कुणाला ओरिजिनल करायची असली तर बोल्ट काढले की झालं. क्लचला ब्रेक ऑइल डॉट ३ ग्रेडचंच घालतोय आणि रंगावर सांडलं की लगेच पाण्यानं धुतोय, तुमचा ओरडा लक्षात आहे.

पैसे तुम्ही फक्त लेथवाल्याचे घेतलेत, ते मला पटलेलं नाही. रविवारी जोतिबाला निघालोय, मामींना घेऊन तयार राहा, पुढची सीट तुमची. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून दाखवतो, थडथडली तर बोला.