प्लेगची दफनभूमी आणि मुंबईतील क्रूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावठाणांतील जुने क्रूस रहदारीच्या आड येतात की ते शहराच्या वारशाचा भाग आहेत, ही चर्चा मुंबईत अधूनमधून उफाळते आणि रस्त्याचे काम संपले की विझते. यांतील काही क्रूस प्लेगच्या साथीतून उभे राहिले. साथीच्या भीतीतून किंवा साथ ओसरल्याच्या कृतज्ञतेतून उभी राहिलेली बांधकामे वास्तुकलेच्या इतिहासात किती मानाने अभ्यासली जातात, हा मुद्दा त्या चर्चेत क्वचितच येतो. म्हणून हे पत्र.

चेक प्रजासत्ताकात, बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांच्या सीमेवर झ्द्यार नावाचे गाव आहे. तेथील सिस्टर्शियन या कॅथलिक संन्यासी पंथाचा मठ 1252 सालचा. 1709 च्या सुमारास मध्य युरोपात प्लेग पसरत असताना मठाधिपती वात्स्लाव व्हेय्म्लुवा यांनी गावासाठी नवी दफनभूमी बांधायला घेतली आणि आराखड्याचे काम प्रागच्या यान ब्लाझेय सान्तिनी-आइखेल या बरोक (वळणदार, नाट्यमय युरोपीय शैलीच्या) वास्तुकाराकडे सोपवले. साथीच्या मृतांसाठी एरवी घाईघाईने खड्डे खणले जात. येथे मात्र मृत्यू दारात येण्याआधीच त्या काळातील एका श्रेष्ठ कलावंताला कामाला लावले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते. सान्तिनी इटालियन वंशाच्या पाथरवटांच्या घराण्यातला. जन्मतः शरीराने अधू असल्याने छिन्नी-हातोड्याऐवजी त्याच्या हाती रेखाटणी आली.

या दफनभूमीचे वैशिष्ट्य तिच्या भिंतीत आहे. तीन लहान प्रार्थनागृहे आणि त्यांना जोडणारी, सरळ न जाता आत-बाहेर वळत जाणारी कुंपणभिंत, एवढाच तिचा पसारा आहे. तीन या संख्येत ख्रिस्ती त्रैक्याचा संकेत आहे, तर वरून पाहिल्यास सगळा आराखडा मानवी कवटीसारखा दिसतो, असेही सांगितले जाते. कवटीची गोष्ट ऐकायला रंजक असली तरी माझ्या मते खरी करामत वळणांची आहे: भिंत कोठेही कोपऱ्यात अडत नसल्याने नजर सतत पुढे सरकत राहते आणि मध्यभागी उभ्या असलेल्या, अंतिम न्यायाच्या दिवसाची आठवण देणाऱ्या देवदूताच्या पुतळ्याकडे पुन्हापुन्हा परतते. हा सारा परिणाम महागड्या साहित्यातून नव्हे, वक्ररेषांतून साधलेला आहे. प्लेग पुढे त्या गावाला चुकवून गेला, असे सांगतात. याच सान्तिनीने जवळच्या टेकडीवर बांधलेले पंचकोनी ताऱ्याच्या आकाराचे चर्च 1994 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या तेजात ही दफनभूमी थोडी झाकोळली जाते, एवढेच.

मुंबईला प्लेगने चुकवले नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्या साथीने मुंबईला दोन प्रकारची बांधकामे दिली. 1898 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या फोडून हवेशीर रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, हा एक प्रकार. इमारतीच्या सावलीने शेजारच्या खिडकीचा उजेड अडू नये म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम ट्रस्टने वापरला; आजचे टोलेजंग पुनर्विकास पाहता तो नियम स्वप्नवतच वाटतो. दुसरा प्रकार म्हणजे वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाच्या) वस्त्यांमध्ये नवस म्हणून किंवा जीव वाचल्याबद्दल आभार म्हणून उभारलेले क्रूस. व्हिएन्नात 1679 च्या प्लेगनंतर उभारलेला भव्य स्तंभ आणि आपल्याकडचा गल्लीच्या तोंडाशी असलेला पुरुषभर उंचीचा क्रूस यांमागची भावना एकच आहे. फरक आहे तो सम्राटाच्या आणि वाडीच्या ऐपतीचा.

अर्थात, मुंबईतला प्रत्येक क्रूस प्लेगचा नाही. काही त्याहून जुने आहेत, तर काही बरेच नंतरचे. नेमका कोणता कधीचा, हे चौथऱ्यावर कोरलेल्या सालावरून कळते. परंतु सणासुदीला ऑइलपेंटचे हात देता देता ते अक्षर बुजत जाते, आणि रस्त्याची पातळी दरवेळी चढत गेल्याने चौथरा अर्धा डांबराखाली जातो. मग अभियंत्याला तेथे केवळ एक अडथळा दिसला, तर त्याला तरी दोष कसा द्यावा?

तेव्हा पुरातन वारसा समिती आणि वॉर्ड कार्यालये यांनी चर्च व स्थानिक रहिवाशांच्या मदतीने क्रुसांची नोंद करावी: रंग जपून खरवडून साल वाचावे, छायाचित्र घ्यावे, उभारणीचे कारण वाडीतल्या वृद्धांकडून लिहून घ्यावे. रस्त्याचे कोणतेही काम मंजूर करण्यापूर्वी ही नोंद पाहणे बंधनकारक असावे, आणि क्रूस हलवणे अटळच असेल तर तो चौथऱ्यासह, त्याच वाडीत हलवावा.

आपला,
एक निवृत्त वास्तुरचनाकार,
दादर, मुंबई