मावशी, काटा आता एआरएमवर चालतो

आदरणीय मावशी,
सा. न.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतोय. पत्र मात्र उघडं लिहितोय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा जुना, इंटेल प्रोसेसरवर चालणारा सी भाषेतला प्रोग्राम एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर न्यायची वेळ आणखी बऱ्याच जणांवर येणार आहे, आणि प्रत्येकाच्या मित्राला तुमच्यासारखी मावशी असेलच असं नाही.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. प्रोग्राम बोर्डावर कंपाइल झाला (कंपायलरनं त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर केलं), चालला, तेव्हा हंगामाच्या तोंडावर लगेच बसवून टाकावा असं कारखान्याचं म्हणणं होतं. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "हे असं वागेन असं सी भाषेनं कबूल केलंय, की इंटेलनं?" तो प्रश्न घेऊन मी सगळा कोड पुन्हा वाचायला बसलो.

काट्यावर गाडी नसेल तर 'कॅर' या एका बाइटच्या प्रकारात उणे एक ठेवलेला होता. इंटेलवरच्या लिनक्समध्ये साधा कॅर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये अनसाइन्ड (उणे आकडे न धरणारा). त्यामुळे उणे एकचे २५५ झाले आणि काटा कधी रिकामाच होईना. जास्तीच्या वॉर्निंग चालू केल्यावर 'ही तुलना कधीच खरी ठरणार नाही' असं कंपायलरच ओरडू लागला. कॅर साइन्ड धरायला लावणारा फ्लॅग मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) टाकला असता तर पाच मिनिटांत सुटलो असतो. "मेकफाइल उद्या कुणीतरी बदलेल," म्हणत तुम्ही प्रत्येक जागी आठ बिटांचा साइन्ड प्रकार लिहायला लावलात. कंटाळवाणं काम होतं, पण बरोबर होतं.

मागच्या हंगामांच्या नोंदी स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या रकान्यांचा गठ्ठा) मेमरीतून जसाच्या तसा फाइलमध्ये ओतून ठेवलेल्या. एक इंट (पूर्णांक) आणि त्यामागे एक डबल (दशांश आकडा) ही जोडी जुन्या ३२ बिट इंटेल लिनक्सवर १२ बाइट घेते आणि ६४ बिट एआरएमवर १६, कारण तिथे डबल आठाच्या पटीतल्या पत्त्यावरच बसतो. मग वजनं वाट्टेल ती दिसणारच. आता प्रत्येक रकाना ठरलेल्या रुंदीचा, बाइट मोजून लिहिला-वाचला जातो. (ज्या एंडियनची, म्हणजे आकड्यातले बाइट कुठल्या क्रमानं ठेवले जातात याची, मला सगळ्यात धास्ती होती, तो प्रश्न आलाच नाही. दोन्हीकडे लिटल एंडियन. तुम्ही हसला होतात ते आठवतंय.)

खरी भीती वाटली ती थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांची. एक थ्रेड इंडिकेटरकडून (काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) वजन घेतो, 'तयार' असा झेंडा वर करतो, आणि दुसरा ते वजन पावतीवर छापतो. झेंडा व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून ताजा वाच, असं कंपायलरला बजावणारा) होता, आणि तेवढ्यावर सगळं निभावलं होतं. बोर्डावरच्या चाचणीत मात्र क्वचित कधीतरी मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या नावावर पडायचं. कारखान्यात सगळ्यांचा संशय केबलवर. तुम्ही समजावलंत, की इंटेलचा प्रोसेसर एका कोअरनं केलेली लिखाणं दुसऱ्याला त्याच क्रमानं दाखवतो, एआरएम तशी हमी देत नाही. झेंडा आधी दिसू शकतो, वजन मागून. व्होलाटाइल कंपायलरला थोडं आवरतं, प्रोसेसरला नाही. मग सी ११ मधले अ‍ॅटॉमिक प्रकार घेतले, झेंडा दिसला की आधीचं वजनही दिसणारच अशी हमी देणारे: झेंडा लिहिताना रिलीज, वाचताना अ‍ॅक्वायर.

आणि त्यानंतरची तुमची सूचना मी कधीच विसरणार नाही. तोच जुना कोड माझ्या इंटेल लॅपटॉपवर थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या अशा चुका पकडणारं साधन) लावून चालवायला सांगितलात. तिथेही डेटा रेस (क्रमाची हमी नसताना एक थ्रेड लिहितो तीच जागा दुसरा वाचतो) निघाली! म्हणजे चूक एवढी वर्षं तिथेच होती, जुना प्रोसेसर ती सांभाळून घेत होता. उसाच्या पैशांचा हिशेब ज्या आकड्यावर होतो तो असा नशिबावर चाललेला, हे कळल्यावर कारखान्यातली घाई आपोआप थांबली.

बेरजांतला शेवटच्या दशांशाचा फरकही तुम्हीच ओळखलात. जुनं मशीन ८० बिटांत आकडेमोड करायचं, नवं ६४ बिटांत करतं. वजनं आता किलोच्या पूर्णांकातच ठेवतो, वाद मिटला.

तुमच्या सांगण्याप्रमाणे जुना कॉम्प्युटर या हंगामापुरता शेजारी चालू ठेवलाय. इंडिकेटरची तार दोघांनाही जोडली आहे आणि रोज रात्री दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहतो.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत, निदान गुऱ्हाळावरची काकवी तरी घ्या. संक्रांतीला येतोय. लॅपटॉपही आणतो. नोंदीतला वेळेचा रकाना (१९७० पासूनचे सेकंद मोजणारा) अजून ३२ बिटांचाच आहे, १९ जानेवारी २०३८ ला तो भरेल, आणि जुन्या फाइली न मोडता तो कसा रुंदावायचा ते तुमच्याशी बोलायचंय.

तुमचा,
काट्यावरचा प्रोग्रामर