सात खलाशी गेले कुठे?

संपादक महोदय,

मी मालवणचा, घरात मासेमारीच. १५ डिसेंबर २०१८ च्या रात्री कर्नाटकातल्या मालपे बंदराचा सुवर्ण त्रिभुज हा मासेमारी ट्रॉलर आमच्या समोरच्या समुद्रात सात जणांसकट गायब झाला, मे २०१९ मध्ये नौदलाला त्याचे अवशेष मालवणपासून साधारण ३३ किलोमीटरवर तळाशी सापडले, पण माणसं नाहीत. त्याच सुमारास आयएनएस कोची या युद्धनौकेच्या तळाला नुकसान झाल्याचं नौदलानेच सांगितलं होतं, मग तिची ट्रॉलरशी टक्कर झाली की नाही हे नीट का सांगत नाहीत? रात्री तांडेल (बोट चालवणारा) तरी जागा असतोच, बाबा म्हणतात एखादा तरी रिकामा कॅन धरून तरंगला असता. बॉडीच नाही तर घरच्यांनी तेरावं कसं करायचं हो? चौकशीचा पूरा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.

एक वाचक, मालवण