मंद्या, डग्गा घेऊन बस

मंद्या,

तुझा मेसेज वाचून हसलो, हैतीचे ढोल आणि मायक्रोटोन (म्हणजे नेहमीच्या स्वरांच्या मधले बारीक स्वर), तुला दुसरं काम नाही का म्हणे. नाहीये रे, म्हणूनच सगळं नीट सांगतो.

इथे ब्रुकलिनला प्रॉस्पेक्ट पार्कात उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी हैतीची मंडळी रारा वाजवतात. तिकडे हा ईस्टरपर्यंत चालणारा रस्त्यावरचा प्रकार, ढोल, लोखंड आणि वाक्सीन, म्हणजे बांबूचे लांब भोंगे, आता प्लास्टिक पाईपचेपण करतात. एका वाक्सीनमधून मुख्यतः एकच स्वर निघतो, तो माणूस आपला स्वर आपल्या जागेवर फुंकतो आणि त्याच बांबूवर काठीने ठेका धरतो, सगळ्यांचे तुकडे जुळले की धून, एकट्याकडे धून नसतेच! आणि बांबू कोणी पियानोला विचारून कापत नाही, त्यामुळे स्वर पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतात. मला तेच हवंय. हॅरी पार्च या अमेरिकन संगीतकाराने सप्तकात 43 स्वर बसवले, त्यासाठी वाद्यं स्वतः बनवली, मानतो त्याला, पण आधी गणित मांडून मग त्यात ठेका कोंबायचा हे माझ्याच्याने होत नाही.

तर माझ्या पीससाठी मी ठोकून वाजवायच्या स्टीलच्या नळ्या कापतोय. टांगायच्या कुठे तर दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर, तिथे नळी हलत नाही म्हणून नाद दबत नाही. भोंग्यात लांबी निम्मी केली की स्वराची कंपनं दुप्पट, ठोकायच्या नळीत चौपट, म्हणजे 50 सेंटीमीटरमधून अर्धा सेंटीमीटर घासला तरी 35 सेंट चढतात (अर्ध्या स्वराचे 100 सेंट), म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा! करवत जपून चालवावी लागते, शेजारी वैतागलेत ते वेगळंच.

आता ढोल. हैतीच्या वुडू पूजेतल्या राडा परंपरेत (हसू नकोस, नावच आहे ते) तीन असतात, बुला लहान, सेगों मधला, मांमां सगळ्यात मोठा, आणि वर लोखंडाचा ओगां जो सगळ्यांना धरून ठेवतो. यांवालू हा ठेका 12 मात्रांचा धर, नाचणाऱ्यांच्या पाठीतून लाट जाते, नागदेव दांबाला त्यात येतो. मधेच मांमां ठेका मोडतो, त्याला कासे म्हणतात, बाकीचे आपलं चालूच ठेवतात, मांमां एकटा उलटा पडतो आणि नाचणाऱ्याचं अंग अडखळतं, कधी देव अंगात येतो. गोंधळात संबळ चढतो ते आठव. फ्रिस्नर ऑगस्टिन हे ढोलवादक, हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्सचे, इथेच ब्रुकलिनला शिकवायचे, 2012 ला गेले, त्यांची रेकॉर्डिंग ऐक, कासे ऐकशील तिथे थांबून परत ऐक.

माझी आयडिया अशी, कासे आला की ठेका तसाच ठेवायचा आणि स्वर मोडायचा, सगळे वाजवणारे एकदम एक टक्का आखूड नळ्यांवर उडी मारणार, अख्खी चालू धून 35 सेंट वर सरकणार, आणि ओगां मात्र जागचा हलणार नाही. यांवालू हे नाव मी पीसला देणार नाही, ते पूजेचं आहे, माझं नाही.

फक्त मांमां कोण वाजवणार? तू, डग्ग्यावर. मनगट दाबून-सोडून स्वर खालीवर कर, कासेच्या जागी खाली ने, वर नको, नळ्या वर जातायत ना. तीनताल विसर, फोनवर रेकॉर्ड करून पाठव, फॅन बंद करून. वहिनीला सांग माझ्यामुळे त्रास आहे.

तुझा,
निल्या